दादूसचा जिताडा

भूत, करणी, चकवा... असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ विचारते, "जेवून झोपला होतात का हो?" इथे ग्रुपवर येणारे किस्सेसुद्धा मी चहासोबत वाचते आणि खुदुखुदु हसते. आता माझी पाळी आलीये, तर हसून घ्या. माझ्या किश्शात ना पिंपळ आहे ना पांढरी साडी. एक कॉम्प्युटर आहे आणि भर दुपार आहे.

मी मनाली. पनवेलजवळ रोडपालीला आई आणि मी राहतो. हळदी-लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. ज्या मशीनवर करते ते दादूसने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, मुनाफ नावाच्या दोस्तासोबत एकेक पार्ट जमवून बांधलं होतं. प्रोसेसर आणि रॅम नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचे — ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला — हे दोघांचं वेड. वेग वाढवायचा, टेस्ट लावायची, मशीन हँग झालं की पुन्हा पहिल्यापासून! टेस्ट चालू असताना दादूस कॅबिनेटवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यावर, तळहात ठेवून बसायचा, आई तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवते तसा. जमलेली सेटिंग तो बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडते त्या स्क्रीनमध्ये, नाव देऊन सेव्ह करायचा. नावं माशांची. लगेच कोलमडणारी ती बोंबील, जरा टिकणारी ती मांदेली. आम्ही आगरी, आम्हाला दुसरं काय सुचणार?

मला त्याने एकच धडा दिला होता. "एका वेली एकच गोष्ट बदल गो. दोन बदलल्यास तर चोर गावनार नाय."

गेल्या वर्षी पळस्प्याच्या पुढे त्याच्या बाईकला अपघात झाला. दादूस गेला. मशीन मात्र त्याच्याच वेगाने चालत राहिलं. मधूनमधून हँग व्हायचं, मी शिव्या घालून रीस्टार्ट करायचे. मग कुठेतरी वाचलं की बायोस अपडेट केला की रॅम स्टेबल होते. केला अपडेट... आणि बघते तर दादूसच्या सेव्ह केलेल्या सगळ्या सेटिंग्ज साफ! या नादातलं शेंबडं पोरही सांगेल, अपडेटने प्रोफाइल उडतात म्हणून. पण मला सांगणारा फोटोत जाऊन बसला होता.

तसं मशीन साध्या वेगाने छान चालत होतं. आई म्हणाली, "चालतंय ना? मंग रडतंस कशाला?" काय सांगू तिला? त्याचे कपडे वाटून टाकलेले, बाईक भंगारात गेलेली. त्याच्या हातची एकच गोष्ट घरात जिवंत होती आणि तीच माझ्या हातून पुसली गेली. मला ती परत हवी होती, बस्स.

मग मी हात धुऊन मागे लागले. आकडे त्याने कुठे लिहिले नव्हते, मुनाफलाही आठवत नव्हते. वेग वाढवला की टेस्टमध्ये चुकांच्या लाल ओळी. व्होल्टेज वाढवलं, परत लाल. अजून वाढवलं, तर मशीन सुरूच होईना. वैतागून मी प्रोसेसर आणि रॅम दोन्हींचे आकडे एकदमच बदलायला लागले, म्हणजे जे करू नको सांगितलं होतं नेमकं तेच. आईची हाक यायची, "जेवून घे गो! तो डबा काय पलून जात नाय!"

त्या दुपारी जेवून मी पुन्हा मेमरी टेस्ट लावली. पडदा ओढलेला होता, त्यामुळे खोलीत सगळं पिवळसर, पाण्याखाली असल्यासारखं. कॅबिनेटचे पंखे एका सुरात घुमत होते. खुर्चीतच माझे डोळे मिटले.

आणि दादूस आला. आला म्हणजे... होताच तो तिथे, स्टुलावर, बनियनवर, तळहात कॅबिनेटवर ठेवून. मला जरासुद्धा नवल वाटलं नाही. बरं वाटलं, इतकं बरं की डोळे उघडावेसेच वाटेनात. तो म्हणाला, "किती तापवलंस त्याला! वाढव वाढव काय करतंस? कमी कर गो जरा." मी म्हटलं, "तूच कर ना." तो हसला. मग की-बोर्डची टकटक ऐकू येत राहिली. त्या आवाजात मला लहानपणासारखी गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा स्क्रीन हिरवी होती. टेस्ट पास! एकही लाल ओळ नाही. रीस्टार्ट करून बायोस उघडला तर माझे आकडेच नव्हते तिथे. रॅमचा वेग एक पायरी खाली आणि व्होल्टेज चक्क कमी, जे मी कधी करूनच पाहिलं नव्हतं. आणि प्रोफाइलच्या रिकाम्या जागेत इंग्रजी अक्षरांत एक नाव... जिताडा.

आई मासे साफ करत स्वयंपाकघरात होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "टकटक तर व्हत होती. मना वाटला तूच हायस."

म्हटलं, झोपेत मीच केलं असेल. माशांची नावं मला माहीत होतीच की. तरी मुनाफला फोन लावला, तो आता कुवेतला असतो, आणि नाव सांगितलं. 

"या अल्लाह... मनाली, हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. का रे?"

"जिताडा त्याने कुठल्याच सेटिंगला दिलं नव्हतं. म्हणायचा, जावयाच्या ताटातला मासा आहे, असा तसा वाटायचा नाही. जी एकदाही पडणार नाही तिलाच हे नाव. ती त्याला जमलीच नव्हती गं... फक्त मला बोलला होता."

मी फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. मी त्याचं अर्धवट राहिलेलं काम परत मागत होते. तो ते पुरं करून गेला.

 तुमच्यापैकी कुणी हार्डवेअरवाले असतील तर हे कसं झालं ते सांगा, पण रागावू नका, मला ते पटेलच असं नाही. मशीन तेव्हापासून एकदाही पडलेलं नाही. बायोस मी आता जन्मात अपडेट करणार नाही.

परवा एका हळदीच्या व्हिडिओचं रेंडर चालू असताना आई पदराला हात पुसत आली, कॅबिनेटवर तळहात ठेवून जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आता नाय तापत गो तो." मग डोळे पुसून भाकऱ्या थापायला गेली.