पोराच्या नावाची खुर्ची

घटस्फोटाच्या कामात हसण्यासारखं काय असतं, असं मला लोक विचारतात. आता काय सांगू! शाळेतून आलेल्या पोराच्या खिशातून जसे खडे, बांगडीचे तुकडे आणि अर्धी पेन्सिल निघते, तसे माझ्याकडे किस्से निघतात. मी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. नावं आणि ओळखी बदलून सांगते, म्हणजे उगाच कोणाचा फोन नको.

मी नंदुरबारला वकिली करते. पण गेली काही वर्षं माझा जीव रमतो तो मध्यस्थीत. नवरा-बायकोला वेगळं व्हायचंच असेल तर कोर्टात एकमेकांची लक्तरं काढण्यापेक्षा आमच्या खोलीत या, बसा, आणि पोरांचं काय ते आधी ठरवा, एवढंच आमचं म्हणणं. जोडीला सलीमसर. जन्म शाळेत काढलेला माणूस, आवाज कधी चढत नाही, आणि टोमणा असा मारतात की समोरच्याला घरी गेल्यावर कळतो. कोर्टातले वकील मित्र मला म्हणतात, "मॅडम, तुम्ही आमची दुकानं बंद करणार!"

*

आमच्याकडे सगळ्यात मोठा ताप नवरा-बायकोचा नसतो, नातेवाइकांचा असतो. म्हसावदचं एक जोडपं आलं ते जीपभर माणसं घेऊन. मी म्हटलं, आत फक्त दोघंच येतील. मुलीचा मामा भडकला. "आम्ही म्हसावदथून इतला लांब उनूत, ते बाहेर बसाले का?"

सलीमसर शांतपणे म्हणाले, अहो, या ना सगळे. फक्त पोराच्या वर्गशिक्षकांचं नाव सांगा आणि आत या.

मामा थांबले. काका थांबले. आत्याबाईंनी पदर सावरला आणि एकदम पाणी प्यायला गेल्या. हळूहळू व्हरांडा रिकामा झाला. मला समाधान वाटतंय तोवर पाहते तर पोराचा बापही उठून निघालेला!

सर म्हणाले, "तुम्ही बसा. तुम्हाला सूट आहे."

*

आमच्या खोलीत मध्ये एक छोटी खुर्ची असते. तिच्यावर कोणी बसत नाही. ती पोराच्या नावाची. जे काही बोलायचं ते ती खुर्ची ऐकतेय असं समजून बोलायचं, हा आमचा नियम.

शहाद्याकडचा एक गडी तयारीनिशी आला होता. बायकोचे अपराध त्याला तोंडपाठ होते. त्याने बोटांवर मोजत सुरुवात केली, खुर्चीकडे नजर गेली आणि अडकला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकला. शेवटी काकुळतीला आला.

"सर, ती खुर्ची बाजूले ठेवा ना. तिले देखीसन माले भांडताच येस नही."

खुर्ची हलवली नाही, हे सांगायला नकोच.

*

एक कुटुंब सलीमसरांच्याच गल्लीतलं, आई-बाप वेगळे झालेले. ईदचा दिवस पोराने दोन्ही घरी घालवायचा असं ठरलं. सकाळी आईकडे, दुपारनंतर वडिलांकडे. कपड्यांचा प्रश्न मात्र आमच्या डोक्यातच आला नाही. आईने पठाणी शिवली, बापाने जीन्स आणि चमकीचा शर्ट आणला. पोरगं शहाणं. त्याने आईची पठाणी अंगात तशीच ठेवली, वरून बापाचा चमकीचा शर्ट चढवला, आणि डोक्यावर दोघांनी दिलेल्या दोन टोप्या घालून गल्लीभर सगळ्यांना ईद मुबारक केलं.

सरांनी त्याचा फोटो काढून दोघांना पाठवला. दोघांचेही मेसेज लगेच आले आणि दोघांचाही मजकूर एकच, "याला हे काय घातलंय?"

सर मला म्हणाले, लग्नानंतरचं पहिलं एकमत! पुढच्या ईदला कपडे एकच आले, दोघांनी मिळून घेतलेले.

*

धडगावच्या वरच्या पाड्यातलं एक जोडपं होतं. आई पोरासह धडगावात, बाप वर डोंगरात. बाजाराच्या दिवशी बापाने दहा वाजता येऊन पोराला घेऊन जायचं, असं आम्ही मोठ्या ऐटीत लिहून दिलं. नंदुरबारला पंख्याखाली बसून!

बाप दर वेळी उशिरा. बाई चिडली. हा माणूस मुद्दाम करतो, पोरगं रस्त्याकडे डोळे लावून बसतं, पोराला भेटवायचंच नाही आता, म्हणाली. आम्ही बापाला बोलावलं. तो साधा माणूस, घरी पावरी बोलणारा, आमच्यापुढे मराठी जपून बोलत होता. म्हणाला, "जीप भरल्याशिवाय सुटत नाही. मी एकटा कसा भरू?"

आम्ही मुकाट्याने कागद बदलला आणि दहाच्या जागी लिहिलं, 'जीप भरली की'.

आता गंमत बघा. तीच बाई बाजाराच्या दिवशी सकाळी उठून नवऱ्याच्या पाड्यातल्या ओळखीच्या बायकांना फोन करते. चला गं, आवरा लवकर, जीप भरा!

*

आणि ही गुड्डी. दुसरीतली. आई चिंचपाड्याकडे नर्स, वडिलांचं नंदुरबारला मोटार रिवायंडिंगचं दुकान. दोघांनाही ती पूर्णपणे आपल्याकडेच हवी होती, आणि तसं झालं नाही तर कोर्टात जायची दोघांची तयारी होती. त्यात पोरीला सारखा ताप. तपासण्या झाल्या, काही निघेना. बाप म्हणे, आई ड्युटीवर, लक्ष कोण देणार? आई म्हणे, रविवारी तिकडे जाते आणि ताप घेऊन येते.

एरवी ही दोघं एकमेकांच्या सावलीला उभी राहत नसत. पोरीला पोचवायचं तर आजी मध्ये लागायची. फक्त ताप आला की बाप मोटारसायकल काढून थेट चिंचपाडा गाठायचा. मग एका बाजूला आई, एका बाजूला बाप, आळीपाळीने कपाळावर पट्ट्या. पोरगी झोपलीय म्हणून आवाजही नाही. ताप उतरला की पुन्हा भांडण सुरू.

आमच्याकडे बऱ्याच बैठका झाल्या. मी तर एकदा वैतागून जा बाबांनो कोर्टात, म्हणणार होते. पण जमलं. शाळेचे दिवस आईकडे, शनिवार-रविवार बापाकडे. आता आमचा शेवटचा नियम. ठरलेलं पोराला आई-बापांनी एकत्र बसून सांगायचं, एकाच तोंडाने.

एका रविवारी सकाळी तिघं आली. सलीमसरांनी गरम फाफडा-जिलेबी मागवली होती. गुड्डी मध्ये, आई-बाप दोन बाजूंना. बापाने जिलेबी मोडून तिच्यापुढे ठेवली, आईने तिच्या बोटाला लागलेला पाक पुसला. कोणी कोणाला काही टोचून बोललं नाही. मला इतकं बरं वाटत होतं!

गुड्डीने जिलेबी खाली ठेवली. आईकडे पाहिलं, मग बापाकडे. मग आपलाच हात कपाळावर ठेवला, गळ्याला लावून पाहिला, आणि घाबरून विचारलं,

"मम्मी, माले ताप शे का?"