पडायची शिकवणी

ज्युदोच्या वर्गात मी नाव घातलं ते एका माणसाला उचलून आपटता यावं म्हणून. दुसरं कसलंही उदात्त कारण नव्हतं. मी राहते डहाणूला आणि शिकवते तलासरीकडच्या एका शाळेत. रोज सकाळी चारोटीला उतरून पुढची जीप धरायची, आणि रोज एक आडवेतिडवे गृहस्थ मागून येऊन, मला कोपराने बाजूला सारून ड्रायव्हरशेजारची जागा पटकावायचे. वर हसून सांगायचे, "टीचर, मागे खूप जागा आहे." माझं डोकं मुळातच तापट. वर्गातल्या पोरांवर ओरडून ते निवेना, तेव्हा म्हटलं, रीतसर शिकून घेऊ.

वर्ग भरायचा एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या गोदामात. सर म्हणजे गावातले हार्डवेअरचे व्यापारी. घरी गुजराती बोलणारे, तरुणपणी मुंबईत ज्युदो शिकलेले. जपानी चटयांच्या जागी त्यांनी भाताचा पेंढा पसरून त्यावर ताडपत्री ताणली होती. गोदामात शिरताना वाकायचं, ताडपत्रीवर पाय ठेवताना वाकायचं, जोडीदारासमोर वाकायचं. वाकून वाकून माझी कंबर धरली तेव्हा मी विचारलं, "सर, आपटायचं कधी?"

"बेन, पहिला पडायला शिका," सर म्हणाले.

मग आम्ही नुसते पडत राहिलो. मागे पडलो, कुशीवर पडलो, हनुवटी छातीला लावून, ताडपत्रीवर तळहात फाडकन आपटून पडलो. त्या जाडजूड पांढऱ्या पोशाखात डहाणूच्या दमट हवेत माणूस नुसता शिजतो. शिवाय पेंढ्याचं कुसळ कुठून आत शिरायचं देव जाणे. मी घरी येऊन पाठ खाजवत बसले की पलंगावरून आई बघायची.

"मी फुकट पडले," एकदा ती म्हणाली, "आणि तू फी भरून पडतेस."

ती खरोखर पडली होती. मासळीबाजारात, ओल्या फरशीवर, पाय सरकून. हाड मोडलं नाही, मुका मार तेवढा लागला आणि तो बराही झाला. पण त्या दिवसापासून तिने घराचा उंबरा ओलांडला नाही. आम्ही घरात दोघीच. आधी मासळी आणायचा मान तिचा. शेजारच्या धाकटी डहाणू गावच्या कोळणींशी घासाघीस केल्याशिवाय तिचा दिवस उगवत नसे. आता मासे मी आणायचे आणि तिने पिशवीत नाक घालून, "हे काय, मागच्या जन्मीचे बोंबील?" असं विचारायचं. मला बोंबलांचं काही वाटत नव्हतं. ती दिवसेंदिवस त्या पलंगाएवढीच होत चालली होती, त्याची मला भीती वाटत होती. चहा हातात, पेपर हातात, चपला पायाशी. मी तिला काही कमी पडू देत नव्हते, आणि ती उठायचीच बंद झाली होती.

इकडे वर्गात एकदाचं पडणं संपून पाडणं सुरू झालं. डाव असा: समोरच्याची बाही धरायची, त्याचा तोल हलवायचा आणि त्याच क्षणी आपल्या पायाने त्याचा पाय उडवायचा. माझी जोडीदार बँकेतली एक बाई होती. मी बाही धरली, पाय उडवला, आणि माझा पाय तिला लागल्याबरोबर सवयीने बाही सोडून खाली वाकले, तिला हात लावला आणि तो छातीला लावला. पाय लागला की नमस्कार करायचा, हे अंगात इतकं मुरलेलं, त्याला मी तरी काय करणार? ती बिचारी धरायला कुणी नसल्यामुळे गोणीसारखी धपकन आदळली आणि खालून म्हणाली, "असू दे, असू दे."

मग तिची पाळी. तिने मला पाडलं, सोडलं आणि नमस्कार केला. सर वळून बघतात तो गोदामभर तेच चाललेलं. जिकडे तिकडे माणसं धपाधप पडताहेत आणि पाडणारे भक्तिभावाने वाकताहेत.

सरांनी कपाळावर हात मारला. "अरे, नमस्ते करायला तिला सोडून देते? मान दिला ने माणूस पाडून टाकला! नुसता पाडायचा असेल तर माझ्या दुकानात हातोडी भेटेल, इथे कशाला येते?"

मग त्यांनी आम्हांला खाली बसवलं. रागावलेले होते, पण आवाज खाली आला. म्हणाले, समोरचा आपलं अंग तुमच्या हातात देतो तेव्हा कुठे तुम्ही शिकता. पाडल्यावरही त्याची बाही घट्ट धरायची, म्हणजे तो नीट पडेल, नीट उठेल आणि उद्या परत येईल. "तो परत नाय आला तर तुम्ही कोणासंगे शिकणार? दोघांचा भला झाला पाहिजे, तेच्यासाठी ज्युदो. नमस्ते पण करा. बाही सोडल्याशिवाय करा."

पुढे बाही न सोडता, नुसती मान झुकवून नमस्कार करायची आमच्या गोदामाची खास पद्धत पडली. जपानात कुणी पाहिली तर काय म्हणेल कोण जाणे.

या शिक्षणाचा पहिला फायदा व्हायचा त्यालाच झाला. चारोटीला ते गृहस्थ मला सारून पुढे चढायला गेले, त्यांचा पाय पायरीवरून निसटला, आणि माझ्या हाताने मला न विचारता त्यांची बाही पकडली. दोन्ही हातांनी, अगदी सरांनी शिकवली तशी. ते सावरले, "थँक्यू टीचर" म्हणाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी मागे बसून तलासरीपर्यंत स्वतःच्या हातांना शिव्या दिल्या.

आईचं सगळं मी सरांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पडायला घाबरते, का उठायला?"

हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. घरी येऊन विचारलं. ती लसूण सोलत होती.

"पडण्याचं काही नाही ग," ती म्हणाली. "उठता येईना. चौघांनी बोचकं उचलावं तसं उचललं मला. पदर कुठे, चप्पल कुठे. सगळा बाजार बघत होता."

मला भयंकर वाईट वाटलं आणि त्या चौघांचा, काही कारण नसताना, रागही आला.

दुसऱ्या दिवसापासून जमिनीवर गादी घालून आमची शिकवणी सुरू झाली. कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग दोन हात दोन गुडघे, मग एक पाऊल पुढे आणि हात गुडघ्यावर रोवून वर. आधी तिने स्टूल धरलं, पुढे स्टूलही नको म्हणाली. ती धडपडली की माझे हात पुढे जायचे आणि ती फटका मारायची. "तिथेच बस, मास्तरीण. मला मेलीला माझं उठू दे." घामाघूम व्हायची, जपानला आणि मला एकत्र शिव्या द्यायची, पण दुसऱ्या दिवशी गादी तीच घालायची.

एका रविवारी ती साडी बदलून दारात उभी राहिली. "पिशवी घे," म्हणाली.

बाजारात ती माझा हात न धरता चालली. नेहमीच्या कोळणीने आरोळी दिली, "बाय, आलीस गो!" आई थांबली ती बरोबर त्याच जागी, जिथे पडली होती. फरशी तशीच ओली होती. तिने पदर खोचला, आजूबाजूला बघितलं, आणि सावकाश, ठरवून, त्या मासळीच्या पाण्यात खाली बसली.

गलका झाला. लोक धावले. मीही धावणार होते. आईने हात वर केला. "कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी बघत होतात ना सगळे? आता हेही बघा."

ती कुशीवर वळली. कोपर. हात, गुडघे. एक पाऊल पुढे आलं आणि तिथे ती थांबली, हात गुडघ्यावर रोवून. सगळा बाजार बघत होता. माझी बोटं पिशवीच्या बंदांत रुतली होती. आयुष्यात मी इतकं अवघड काही केलेलं नाही, नुसतं उभं राहणं. आणि मग ती उठली. साडी कमरेखाली चिंब, खवले चिकटलेले, पण उठली. मी सगळ्यांदेखत रडले.

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने कोळणीला पापलेटाचा भाव विचारला, तो ऐकला आणि म्हणाली, "थांब ग, मी परत खाली बसते."