बांधावरची हिरवी धाटं

पाटसजवळ हायवेपासून तीन किलोमीटर आत आमचं शेत आहे. नवरा साखर कारखान्यात नोकरीला, गाळप सुरू झालं की शिफ्टवर शिफ्ट. शेत माझे धाकटे दीर पाहायचे. पुण्याहून पाहुणे बोलवायला आम्ही सुरुवात केली, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं.

उन्हाळ्यात कुणी फिरकत नसे. पावसाळ्यात यायचे, पण काळ्या रानात गाडी रुतली की ट्रॅक्टर जोडून ओढायची, त्यातच दिवस जायचा. खरा हंगाम हुरड्याचा. ज्वारीचा दाणा कोवळा असतो तो चार-पाच दिवसच, पुढे तो टणक होतो. म्हणून आम्ही हुरड्याची ज्वारी पट्ट्या पाडून आठ-आठ दिवसांच्या अंतरानं पेरायचो. दर रविवारी नवी पट्टी. रिकाम्या झालेल्या पट्टीतली हिरवी धाटं संध्याकाळी गाईपुढे पडायची.

त्या वर्षी थंडी पडलीच नाही. रोज आभाळ, सकाळी धुकं. अशा हवेत ज्वारीवर मावा पडतो. पानं तेल लावल्यासारखी चमकतात, रानातून चाललं की चिकटा लुगड्याला लागतो.

पहिल्याच रविवारी एका बाईंनी कणीस हातात घेतलं, त्यावरचा मावा पाहिला आणि ते हुरडा भाजायच्या आगटीत फेकून दिलं. बाकीच्यांनीही हात आखडले. गाडीत बसताना त्या म्हणाल्या, "तुम्ही जरा बघून द्यायला हवं होतं." मला ते लागलं. संध्याकाळी मी दिरांना सांगितलं, "पुढच्या रविवारी किडीचं एक कणीस पाहुण्यांच्या हातात जाता कामा नये. काय करायचं ते करा."

दुसरा रविवार झकास झाला. कणसं स्वच्छ होती. एका कुटुंबाबरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी होती, तिला गरम कणीस चोळता येईना. मी माझ्या तळहातावर चोळून, फुंकर मारून तिला मूठ मूठ दाणे देत राहिले. ती आणखी मागत होती. दुसऱ्या दिवशी त्या पट्टीतली धाटं बांधावर पडलेली दिसली. दिरांना वेळ झाला नसेल, असं मी धरून चालले.

तिसऱ्या रविवारी सकाळी मी आणि कामाला येणाऱ्या मावशी कणसं काढायला गेलो. आदल्या बुधवारी त्या पट्टीत मी स्वतः चिकट्यानं भरले होते. आता पानं कोरडी होती. मावा जागच्या जागी काळा पडून चिकटलेला. मावशींनी हात नाकाशी नेला.

"वास येतुया बघा, बाई."

मी वास घेतला. औषधाचाच होता.

दीर गोठ्यात होते. मी विचारलं, "भावजी, हुरड्यावर फवारलं का?"

"व्हय. शुक्रवारी मारलं. तुम्हीच म्हणला व्हता, कीड दिसाय नको."

"आज पाहुणे खाणार आहेत."

"खाऊ द्या की. बाजारातनं आणत्यात ते काय बिनफवारलेलं असतंय? मागल्या आठवड्यात बी मारलंच व्हतं. कुणाला काय झालं?"

त्यांनी हे मला धीर द्यायला सांगितलं होतं. मला एकदम बांधावरची धाटं आठवली.

"त्यातलं गाईला घातलं का?"

त्यांनी दावं सोडलं, पुन्हा बांधलं. "न्हाई," ते म्हणाले. "गाभण हाय ती."



नऊ वाजता गाड्या आल्या. मी मावशींना आगटी विझवायला लावली आणि पाहुण्यांना सांगितलं की ज्वारी फवारलेली आहे, हुरडा मिळणार नाही, पिठलं-भाकरी आणि ऊस आहे. एक गृहस्थ म्हणाले, "आम्ही एवढ्या लांबून शुद्ध खायला येतो, आणि इथेही तेच?" दुसरे म्हणाले, "निदान खरं सांगितलं त्यांनी." पहिल्यांना ते पटलं नाही. जेवून सगळे दुपारीच निघून गेले.

गाड्या गेल्यावर मी पाहुण्यांच्या फोन नंबरांची वही काढली. दीर म्हणाले, "वहिनी, कशाला इस्तव अंगावर घेता? कुणी इचारलंय का?" मी त्यांना औषधाची बाटली आणायला पाठवलं.

मागच्या रविवारची तीन कुटुंबं होती. पहिल्या दोघांकडे सगळं ठीक होतं. एकांना वाटलं मी पुन्हा यायचं आमंत्रण देतेय. तिसरा फोन त्या मुलीच्या आईनं उचलला.

"तिला सोमवारी खूप उलट्या झाल्या," त्या म्हणाल्या. "जास्त खाल्लं म्हणून असेल, असं आम्ही धरलं. आता बरी आहे. का हो?"

मी सांगितलं.  त्या म्हणाल्या, "औषधाचं नाव सांगा." मी बाटलीवरून वाचून दाखवलं. त्यांनी लिहून घेतलं, परत एकदा वाचायला लावलं. "तुम्ही स्वतःच्या हातानं भरवत होतात तिला," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

उलट्या औषधानं झाल्या की जास्त खाल्ल्यानं, मला आजही माहीत नाही. चार दिवसांनी मी परत फोन केला. मुलगी शाळेत गेली आहे एवढंच घरातल्या कुणीतरी सांगितलं. ते लोक पुन्हा आले नाहीत.

त्या हंगामात पुढचे सगळे रविवार मी रद्द केले. दिरांनी उरलेल्या पट्ट्या दाण्यासाठी राखल्या. त्यांना मी काही बोलले नाही. काय करायचं ते करा, हे मीच म्हटलं होतं, आणि कसं करणार ते विचारलं नव्हतं. बांधावरची धाटं पाहूनही विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षापासून हुरड्याच्या रानात फवारणीचा पंप जात नाही. पाहुणे फोनवर विचारतात, हवा कशी आहे? त्यांना थंडी किती ते हवं असतं. मी जरा थांबा म्हणते, रानात जाऊन चार पानं उलटी करून मावा आहे का बघते, आणि मग या किंवा येऊ नका, ते सांगते.