दोघी जावा आणि फिटरचा पाना

फिटरला बसवत नसे. उभा जन्म बस डेपोत, गाड्यांच्या पोटाखाली गेलेला. निवृत्त झाला तो कागदावर; हात काही निवृत्त झाले नाहीत. महिन्याभरात त्यानं घरातला स्क्रू न् स्क्रू पिळून ठेवला. नळ असे आवळले की आंघोळीला पाणी हवं तर त्यालाच हाक मारावी लागे. पंखा उघडून पुन्हा बसवला, तो तेव्हापासून बोलायला लागला. सुनेनं मिक्सर कपाटात घालून किल्ली स्वतःपाशी ठेवली. बायको म्हणाली, "अहो, या घरात पिळायचं आता फक्त माझं डोकं राहिलंय. तेवढं सोडा."

तिनंच मग धाकट्या भावाला गळ घातली. भाऊ उद्यान खात्यात मुकादम. शहरातल्या मोठ्या उड्डाणपुलाखाली खात्यानं शिल्पांचं संग्रहालय मांडलं होतं. ना भिंत, ना दार, ना तिकीट. तिथं राखणदार हवा होता.

"दाजी, काम एकच," मुकादम म्हणाला. "कुणाला हात लावू द्यायचा नाही."

"बरं. आणि मी?"

"तुम्ही तर मुळीच नाही."

बायकोनं डबा हातात देताना बजावलं, "माझ्या भावाला मान खाली घालायला लावू नका. हे काम गेलं तर परत दिवसभर तुम्ही घरात आणि मी समोर." फिटरला घरातली खिडकीजवळची खुर्ची आठवली, निवृत्तीनंतर त्याच्यासाठी मांडलेली. त्या खुर्चीपेक्षा काहीही परवडलं असतं.

पुलाखालची शिल्पं कशासारखीच दिसत नव्हती. म्हणून लोकांनी आपापली नावं ठेवलेली. तिरक्या सिमेंटच्या भिंतीला म्हणायचे 'रुसूबाई', भोक पडलेल्या काळ्या दगडाला 'किडकी दाढ', वेटोळ्या नळ्यांना सरळ 'आतडी'. आणि मधोमध 'दोघी जावा'. लोखंडी कमानीला एकाच आडव्या बोल्टवर टांगलेले पोलादाचे दोन मोठे पत्रे. खांबांमधून वारा घुसला की एक पत्रा दुसऱ्याला कोपर मारी, दुसरा गर्रकन पाठ फिरवी. किर्र... ठण्ण! किर्र... ठण्ण! दिवसभर त्यांचं धुसफुसणं चाले.

फिटरच्या दातांत कळ जाई. डोक्यावर पुलावरून गाड्यांची घरघर, आणि समोर उघड उघड सैल नट! तो बाकावरून उठे, बोल्टकडे बघे, बसे, परत उठे. खिशातला पाना मांडीला टोचत राही. पाना घरी ठेवून यायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. चष्मा कोणी घरी ठेवून येतं का?

"मेहुणे, तो नट सुटायला आलाय," त्यानं दोनदा सांगून पाहिलं.

"दाजी, ते तसंच असतं."

"तसंच कसं असेल? नट तो नट."

मग एके दुपारी वावटळ उठली. जावांनी असा काही दंगा मांडला की एक बाई कडेवरच्या लेकरासकट त्यांच्याखालून पळाली. पुढचं फिटरच्या हातांनीच केलं. सफाईवाल्याची शिडी कमानीला लागली, पाना खिशातून बाहेर आला, दात-ओठ खाऊन नट आवळला गेला. एवढ्यावर थांबता तर निभावलं असतं. पण डेपोची सवय! तिथं नट पुन्हा सुटू नये म्हणून बोल्टच्या टोकावरचे आटे छिन्नीनं चेपून टाकत. फिटरनं सफाईवाल्याकडून छिन्नी-हातोडा मागून आणला आणि तीन ठोक्यांत आटे चेपले.

जावा गप्प झाल्या. फिटर बाकावर टेकला. आता बरं वाटायला हवं होतं. वाटेना. वारा येई, पानं उडत, पत्रे मात्र जागच्या जागी. त्याला सारखं वाटे, कुणीतरी बोलता बोलता मध्येच थांबलंय आणि आपल्याकडे बघतंय. घरी घास उतरेना. "बरं नाही का?" बायकोनं विचारलं. "कुठं काय," म्हणत त्यानं पाण्याचा तांब्या दोनदा इकडचा तिकडं ठेवला.

दोन दिवसांनी मुकादम खुशीत आला. "दाजी, जावा जिनं घडवल्या ती बाई येतेय रविवारी. म्हातारी झालीय. म्हणते, एकदा त्यांचं भांडण ऐकायचंय."

मुकादमाचं वर लक्ष नव्हतं म्हणून बरं. तो गेला तसा फिटर शिडी चढला. नट हलेना. हलणार कसा? फिटरनं स्वतः बसवलेला! आता बोल्ट कापायचा, दुसरं औषध नाही. शनिवारी सकाळीच तो नवा बोल्ट आणि करवत घेऊन आला. पण कापला तर पत्रे खाली येणार. म्हणून त्यानं शिडीवरून एका हातानं पत्र्यांना मिठी मारली, दुसऱ्यानं करवत चालवली.

"दाजी!"

खाली मुकादम उभा, आणि त्याच्या शेजारी काठी टेकलेली, पांढऱ्या बॉबकटची बाई. रविवारपर्यंत तिला धीर धरवला नव्हता.

फिटरला पळायलाही जागा नव्हती. पत्रे सोडवत नव्हते. "मीच आवळला बाई," तो वरूनच म्हणाला. "मेहुण्यांचा काही दोष नाही."

मुकादमानं कपाळाला हात लावला. बाईनं विचारलं, "कशाला आवळलात?"

"कुणाच्या डोक्यात पडले असते."

"इतकी वर्षं नाही पडले ते?"

"तेव्हा बघायला मी नव्हतो ना."

बाईला हसू आलं, मग खोकला आला. "या घडवल्या तेव्हाही असाच एक फिटर होता. रोज भांडायचा माझ्याशी. कापा आता. मुकादम, धरा ते पत्रे, बघत काय उभे राहिलात!"

नवा बोल्ट बसला. बाई खाली बाकावर बसून कान देत होती.

"सैल करा."

फिटरनं जरासा फिरवला.

"अजून."

"बाई, सुटेल हो!"

"अजून."

त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. जन्मात त्यानं हात असा उलटा चालवला नव्हता. वाऱ्याची झुळूक आली. पत्रा कुरकुरला, थबकला, आणि... किर्र... ठण्ण!

"बस. तिथंच."

"त्याच्यावर दुसरा नट कसतो," फिटर काकुळतीला आला. "पहिला आहे तिथंच राहील, सैलच. पण गळून नाही पडणार. तेवढं तरी कसू द्या."

"बरं, कसून टाका. आटे चेपू नका."

खाली उतरल्यावर तिनं हात पुढं केला. "पाना."

"बाई..."

"मुकादमाकडे राहील. काम तुमचंच. दर महिन्याला तो मागून घ्यायचा, यांच्यासमोर नट तपासायचे, आणि परत द्यायचा."

फिटरनं पाना दिला. मुकादमानं तो असा धरला जसा कुणाचा दात हातात आलाय.

ती दोघं गेल्यावर फिटर बाकावर बसला. खिसा हलका लागत होता. किर्र... ठण्ण! तो उठला. बसला. दुसरा नट नीट बसलाय ना? बसलाय. हातानं रिकामा खिसा चाचपला. किर्र... समोरून एक शाळकरी पोर पत्र्याकडे बोट लांबवत आली.

"ए, हात नको लावूस!" फिटर ओरडला, आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला.