आत्याचे डोळे

मी जात्याच संशयी बाई. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघणारी, भाजीवाल्याने जुडी दिली की तिथंच उलटी करून आतली पानं तपासणारी. विज्ञानकथा लिहिणाऱ्या बाईला हा स्वभाव बरा पडतो. दिवाळी अंकांसाठी मी वर्षानुवर्षं ज्या गोष्टी लिहिते त्या बहुतेक एकाच वळणाच्या आहेत. पुढच्या काळातलं एखादं शहर, माणसाचं बीज तपासून त्याची जागा ठरवणारं तिथलं सरकार, आणि त्या शहरात खोट्या ओळखीवर जगणारी, प्रयोगशाळेत घडवलेली एक पोरगी. वेशीवर एक यंत्र असतं. त्याला एक केस दिला की ते सांगतं, तू कोण आणि कुणाची. पोरगी जन्मभर तो केस चुकवत फिरते.

वाचक भेटले की विचारतात, हे सगळं तुम्हाला सुचतं तरी कुठून? मी म्हणते, कल्पना हो, दुसरं काय! साफ खोटं.

खरं काय ते आता सांगते, कारण जिच्याबद्दल आहे तिनं परवानगी दिली आहे. नाव कुणाचंही घालायचं नाही, एवढी एकच अट.

माझी मुलगी माझ्या पोटी जन्मली. डोहाळे माझे, कळा माझ्या, टाके माझे. पण ज्या बीजातून ती झाली ते माझं नव्हतं. मी चाळिशी ओलांडली होती. डॉक्टर म्हणाले, तुमच्या बीजाची आशा नाही, दुसऱ्या बाईचं घेऊन बघू. ती बाई कोण, हे आम्हाला कळणार नव्हतं आणि आम्ही कोण हे तिला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी हो म्हटलं. पनवेलात चार ओळखीचे भेटणार, म्हणून ठाण्याला जायचो. शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं की यांच्या कंबरेचं दुखणं आहे, तिकडच्या डॉक्टरांना दाखवतोय. बिचारा माझा नवरा त्या काळात कंबर धरून जिना चढायचा. खोटं बोलायचं तर नीट बोलावं.

म्हणजे हे ठाऊक होतं ते आम्हा दोघांना आणि डॉक्टरांना. आणि मला भीती एकच होती, पोरीला कळलं तर मी तिची आई उरेन का? तोंडाने ती आई म्हणेलच, सवयीने. पण मनातून? ती कुठली कोण बाई तिला जवळची वाटायला लागली तर? या एका भीतीपायी मी ज्याच्या त्याच्यावर संशय घेत आले.

सुरुवात बारशालाच झाली. आपल्याकडे पाळण्याभोवती बायका जमल्या की आधी बाळाची वाटणी होते. नाक बापाचं, कपाळ आजोबांचं, हनुवटी काकूची. कुणाला काही मिळालं नाही तर राग येतो. पोरीच्या नाकाचा, ओठांचा निकाल लागला, आणि मग तिनं डोळे उघडले. घारे. लख्ख घारे! सासूबाई म्हणाल्या, "हे कुणाचे बाई? आमच्यात तर कुणाचे नाहीत असे."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "माझ्या आत्याचे."

आत्या जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, वडीलही नव्हते. आत्याचा घरात एकच फोटो, तोही काळा-पांढरा. त्या फोटोत डोळ्यांचा रंग ब्रह्मदेवालाही कळला नसता. मी सुटले. पुढे तर गंमतच झाली. सासूबाई ज्याला त्याला सांगायला लागल्या, हिच्या आत्याचे घारे डोळे पोरीनं घेतले हो. माझ्या माहेरच्या दोघीतिघींना ते आठवायलाही लागलं. एक चुलत बहीण शपथेवर म्हणाली, आत्या उन्हात उभी राहिली की डोळे कसे चमकायचे! मी तिला चहा दिला आणि आणखी दोन चकल्या वाढल्या.

पण चोराच्या मनात चांदणं. उलव्याला राहणारी नणंद आली आणि पोरीकडे जरा जास्त वेळ बघत बसली, की मला वाटायचं, हिला वास लागला. एकदा शाळेतून आनुवंशिकतेचा गृहपाठ आला, घरातल्या सगळ्यांच्या कानाच्या पाळ्या बघा, सुटी कुणाची, चिकटलेली कुणाची, आणि तक्ता करा. पोरगी जेवणाच्या टेबलाभोवती फिरून एकेकाचे कान धरत होती. माझ्यापाशी आली तेव्हा मी उठले, म्हटलं भात करपतोय. दुसऱ्या दिवशी कपाटातल्या मोत्याच्या मोठ्या कुड्या काढून कानात घातल्या. पाळी झाकली गेली. नवरा म्हणाला, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. सांगून टाक तिला." मी म्हटलं, "तुम्ही तुमची कंबर सांभाळा."

गोष्टींमधलं वेड घरातही शिरलं होतं. पोरीच्या फणीतली गुंतवळ मी रोज काढून घ्यायचे आणि संडासात टाकून पाणी ओतायचे. आमच्या आईच्या वेळी बायका गुंतवळ लपवायच्या ती कुणी करणी करील म्हणून. मी लपवत होते ती यंत्राच्या भीतीनं. पनवेलात कुठलं यंत्र आलंय! पण हल्ली म्हणे पाकिटातून थुंकी पाठवली की कुळी कळते. एकदा पोरीनं मला पकडलं. "आई, माझ्या केसांचं करतेस काय तू?" मी म्हटलं, "मोरी तुंबते." ती रिकामी फणी उलटसुलट करून बघत राहिली. तिचं ते बघणं मला आवडलं नाही.

मग ती अठरा वर्षांची झाली आणि एक दिवस म्हणाली, "जिच्यावर मी गेले त्या आत्याआजीचं घर मला बघायचंय."

का? आत्ताच का? कुणी काही बोललं का? मी नाना तऱ्हेनं खोदून बघितलं. ती म्हणाली, अगं सहज, सुट्टी आहे ना. सहज म्हणणाऱ्या माणसावर माझा मुळीच विश्वास नाही. पण नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? गेलो.

आत्या उरणच्या पुढे मोऱ्याला दिलेली होती, बंदराच्या धक्क्याजवळ. घराला कुलूप होतं, कुणी दूरच्या पुतण्यानं घेतलंय म्हणे. मला हायसं वाटलं. फोटो काढला, चला. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून हाक आली, "कोन पायजे गो?" एक म्हातारी बसली होती, पुढ्यात सुपात सुका जवळा, अंगावर झकास सोनं. दोन होड्यांची मालकीण होती, हे तिनंच पाठोपाठ सांगितलं. मी आत्याचं नाव घेतलं तशी ती खुलली. "अगो, ती तं माजी जीवाची मैतरीन. तिच्या लग्नात आमी नाचलो."

आणि आमची पोरगी पुढे होऊन म्हणाली, "आजी, माझे डोळे त्यांच्यासारखे आहेत ना?"

म्हातारीनं तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. मी एसटीची वेळ झाली म्हणून पिशवी उचलली.

"नाय गो पोरी. तिचे डोले काले कुलकुलीत. तुजे तं मांजरीवानी हायेत. कोनी सांगला तुला?"

मी घाईघाईनं म्हटलं, "वय झालं, विसरायला होतं." झालं! म्हातारी भडकली. "मी इसरते? मी? तुजा बाप यायचा ना हितं, त्याच्या कपालावर खोक कोनी पाडली तेबी सांगू?" पोरगी खो खो हसली. मीही हसले, काय करणार. म्हातारीनं मूठभर जवळा बांधून दिला. परतीच्या एसटीत पोरगी खिडकीबाहेर बघत बसली. मी तीनदा विचारलं, काय विचार करतेस? तिन्ही वेळा म्हणाली, काही नाही.

त्यानंतर मी तिच्या पाळतीवरच होते. फोनवर कुणाशी बोलते, आल्यागेल्याला काय विचारते. वर्षभर काहीच घडलं नाही. ती आधीसारखीच भांडायची, आधीसारखीच माझी साडी न विचारता नेसून जायची. मला वाटलं, निभावलं.

आता आमची लिहायची पद्धत सांगते. मी हातानं लिहिते. सातवीत असल्यापासून माझ्या गोष्टी तीच टाइप करते. पानं झाली की ती पडद्यावरचं मोठ्यानं वाचते, मी मूळ कागदावर बोट फिरवत ताडून घेते. शेवटची पानं मी कधी आधी देत नाही. तिलाही नाही. शेवट फुटता कामा नये.

यंदाच्या गोष्टीत वेशीवर एक बाई आहे. तिच्याबरोबर घडवलेली मुलगी आहे, ती तिला आपली म्हणून शहरात नेते आहे. पहारेकऱ्याला संशय येतो. बाई म्हणते, बघा ना, हिच्या गालाला खळी आहे तशीच माझ्या आईला होती. खळी मी मुद्दाम लिहिली. डोळे लिहायला मी काय वेडी आहे?

त्या दुपारी ती वाचत होती, माझं बोट कागदावर होतं. तिनं वाचलं, "बाई म्हणाली, बघा ना, हिचे घारे डोळे. असेच माझ्या आत्याचे होते."

माझं बोट थांबलं. "खळी," मी म्हटलं. "मी खळी लिहिलीय."

"माहितीय. मी बदललं."

"का?"

"खळी खोटी वाटते गं. डोळेच ठेव. डोळ्यांचं खोटं तुला छान जमतं."

वरून विमान गेलं. आता नवीन विमानतळामुळे सारखी जातात. त्याचा आवाज विरेपर्यंत मी कागदावरच्या खळीवरच बोट ठेवून होते. मग मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, मोऱ्याहून आल्यावर बाबांना विचारलं. ते आधी कंबर धरून बसले, मग रडले, मग सगळं सांगितलं.

म्हणजे वर्ष झालं होतं! नवऱ्याचा असा संताप आला मला. ज्याच्यावर कधी संशय घेतला नाही तोच नेमका फुटला. मी उठायला लागले तर तिनं हात धरून खाली बसवलं.

"बाबांना मीच म्हटलं होतं, आईला सांगू नका. तू आपणहून सांगशील म्हणून थांबले होते. आणि तुझ्या गोष्टी परत वाचत होते."

"गोष्टी कशाला?"

"तुझ्या गोष्टीतल्या माझ्यासारख्या सगळ्या पोरी शेवटी मरतात, आई. एक मिठागरात बुडते. एकीला वेशीवर मारतात. एकीला तर तिची आईच धरून देते. आधी मला काही वाटायचं नाही, म्हणायचे, भारी शेवट! पण कळल्यावर मागच्या दिवाळीची गोष्ट टाइप करताना दर पानाला वाटत होतं, ही तरी वाचेल. नाही वाचली." ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "मला बघून तुला असंच काहीतरी वाटतं का गं?"

जगभर संशय घेणाऱ्या मला हे कधी दिसलं नव्हतं. घरात अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो, हे मी तिला लहानपणापासून दटावून शिकवलं. आणि त्याच घरात बसून दर वर्षी एक पोरगी मारत होते, वर तिच्याचकडून टाइप करून घेत होते. मी रडले. म्हटलं, "तू जाशील याची भीती वाटायची गं. दुसरं काही नाही. देवाशपथ दुसरं काही नाही."

"कुठं जाणार मी? माझं सगळं सामान इथं आहे." ही तिची बोलण्याची तऱ्हा. नाक पुसलं आणि म्हणाली, "ही मरते का?"

शेवटची पानं माझ्या मांडीवर उलटी पडली होती. त्यात ती मरत होती, आणि चांगलं साधलं होतं मला. ती पानं मी बाजूला ठेवली. म्हटलं, "मी सांगते, तू टाइप कर." आयुष्यात पहिल्यांदा न लिहिता गोष्ट सांगितली. यंत्र केस घेतं आणि ओरडतं, ही बाई आई नाही. पहारेकरी विचारतो, आता काय म्हणणं आहे? बाई म्हणते, यंत्राला सांगा, कळा मी सोसल्यात. आणि पोरीचा हात धरून आत चालायला लागते.

"पहारेकरी अडवत नाही?"

"अडवून तर बघू दे."

"पुचाट शेवट आहे," ती म्हणाली, पण तिनं तो टाइप केला.

अंकाच्या संपादकांचा फोन आला. बाकी उत्तम, पण शेवट यंदा मऊ पडलाय, पोरगी वाचते हे पटत नाही, जरा नेहमीसारखं करता येईल का? माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, "न पटू दे. एक शब्द बदलाल तर गोष्ट परत घेईन. पोरगी माझी आहे, तिला काही व्हायचं नाही!"

आतल्या खोलीतून आवाज आला, "आई, हळू बोल गं. शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत," मी म्हटलं.