काचेच्या पेटीतली झोप

आमच्या घरी दोन तासांचा सिनेमा तीन तास चालतो. अवकाशातला असेल तर जेवणं उरकली तरी संपत नाही. कारण रिमोट ह्यांच्या हातात असतो आणि अंतराळातली एकही गोष्ट विनातक्रार पुढे जाऊ द्यायची नाही, असा ह्यांनी पण केलेला आहे.

ह्यांचं सगळं आयुष्य पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये यंत्रं सांभाळण्यात गेलं. द्राक्षांच्या हंगामात माणूस घरी दिसायचा नाही. निवृत्त झाल्यावर आम्ही नाशिकला सिडकोत राहायला आलो आणि ह्यांना हिंदीत डब केलेल्या विज्ञानपटांचं वेड लागलं. म्हणजे त्यातल्या चुका काढायचं. यानाचा स्फोट होऊन धडाम आवाज आला की लगेच सिनेमा थांबतो. "तिथं हवाच नाय, मग आवाज आला कुठून?" ज्वाळा दिसल्या की, "आन ही आग काय खाऊन पेटली?" मी भाजी निवडत ऐकत असते. खोटं कशाला बोलू, मला सिनेमापेक्षा हेच जास्त आवडतं.

सगळ्यात मोठा राग काचेच्या पेटीवर. प्रवास शेकडो वर्षांचा म्हणून माणसांना पेटीत थंड करून निजवतात आणि मुक्काम आला की उठवतात. उठणाऱ्याची ना दाढी वाढलेली, ना नखं. केस तर आत्ताच विंचरल्यासारखे. पाणीसुद्धा न पिता तो बंदूक घेऊन पळायला लागतो. "अख्ख्या यानात एक जनरेटर दाखवला नाय," हे म्हणायचे. "लाइट गेली की आटोपला कारभार. आन गोठलेला द्राक्षाचा मणी परत उभा राहतो का कधी? बाहेर काढला की नुसता चिखल."

गेल्या हिवाळ्यात जिना चढताना ह्यांना धाप लागायला लागली. मधल्या मजल्यावर उभं राहून खिडकीतून काहीतरी बघण्याचं नाटक करायचे. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप निकामी होत आली होती, ती बदलायला हवी होती. डॉक्टर तरुण होते, पण नीट समजावून सांगणारे. शरीर थोडं थंड करू, थंड औषध सोडून हृदय थांबवू, तेवढा वेळ यंत्र रक्त फिरवेल. झडप बसवून पुन्हा ऊब दिली की बहुतेक वेळा हृदय आपलं आपण सुरू होतं. हे मान डोलावत ऐकत होते. 'आपलं आपण' म्हटल्यावर मान थांबली.

घरी आल्यावर चपलाही न काढता म्हणाले, "मी नाय करणार."

किती समजावलं, ढिम्म. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, लांबवाल तितका धोका वाढेल. मी रागावले, अबोला धरला, तो मलाच झेपेना. दुपारी हे झोपले की मी दारात उभी राहून छाती हलते का बघायची. मला ह्यांच्याशिवाय राहता येणार नव्हतं, इतकी साधी गोष्ट होती. पण ती मला बोलता येत नव्हती.

एका रविवारी टीव्हीवर पुन्हा पेटीवाला सिनेमा लागला. झाकण बंद झालं, काचेवर बर्फ चढलं. हे म्हणाले, "मेला. हा आता उठत नसतो." या खेपेला रिमोट मी ओढून घेतला आणि सिनेमा थांबवला.

"अहो, तुम्ही द्राक्षं गोठवायचात का?"

"कोण येडा गोठवील?"

"मग काय करायचात?"

"थंड करायचो. शून्याच्या जरा वर ठेवायचं. मणी जिता राहतो त्यात. श्वास घेतो, फक्त सावकाश." हे बोलताना ह्यांचा चेहरा किती दिवसांनी खुलला होता.

"आणि डॉक्टर काय म्हणाले? गोठवणार म्हणाले?"

हे टीव्हीकडे बघायला लागले. समोर पडद्यावर तो माणूस बर्फात तसाच अडकलेला.

"नाय," शेवटी म्हणाले. "थंड करणार म्हणाले."

"मग ह्यात चूक कुणाची आहे? सिनेमावाल्यांची की तुमची?"

हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. हाताच्या तळव्याकडे बघत म्हणाले, "तिथं पॅनलवर मी असायचो गं. काटा जरा हलला तरी मला कळायचं. इथं मीच माल. माझ्या हातात काय राहतंय?"

एवढ्या वर्षांत ह्यांना घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन बसले. "बाहेर मी असेन ना."

"तुला कॉम्प्रेसर कळतो का?"

"नाही. पण तुम्हाला आत ठेवून मी घरी जाणार नाही."

ह्यांनी माझ्या हातातून रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "उद्या फोन लाव डॉक्टरला."

ऑपरेशनच्या दिवशी दार बंद झालं आणि मी बाकावर बसले. सिनेमात झाकण लागतं आणि पुढच्याच क्षणी ते उघडतं. मधे बाहेर बसलेल्या बाईला काय होतं, हे कुणी दाखवत नाही. मी चहा घेतला आणि प्यायला विसरले. बाकावर शेजारी बसलेल्या मुस्लिम बाईंचा मुलगाही आत होता. त्यांनी न विचारता माझ्या हातावर दोन खजूर ठेवले. आत्ता ह्यांचं हृदय थांबलं असेल, हा विचार आला आणि माझे पाय गार पडले.

ह्यांच्याशी नीट बोलता आलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, घशातली श्वासाची नळी काढल्यावर. आवाज घोगरा झाला होता.

"काय आठवतंय?" मी विचारलं.

"सुई टोचली. मग एकदम नर्स. मधलं कायच नाय."

"मधलं माझ्याकडे आहे," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. चहा, खजूर, गार पडलेले पाय. डॉक्टर बाहेर येऊन मास्क खाली करून म्हणाले, 'सुरू झालं, आपलं आपण', आणि मी त्या अनोळखी बाईंच्या गळ्यात पडून कशी रडले, तेही सांगितलं. सांगताना पुन्हा रडले.

ह्यांनी सलाइन लावलेला हात कष्टानं सरकवत माझ्या हातावर ठेवला. ऊबदार होता.

"लय वेळ लावला का गं मी?"

"हो," मी म्हटलं. "लय."