आमच्या गल्लीची खोटी हवा

दिनानाथकाकांनी छत्तीस वर्षं रेल्वेत पार्सल-बाबूची नोकरी केली. खोक्यावर 'संत्री' लिहिलंय म्हणून आत संत्रीच असतील, यावर त्यांचा एकदाही विश्वास बसला नाही. रिटायर झाले तरी सवय गेली नाही. दूधवाल्याचं दूध, डॉक्टरांचं निदान आणि आम्हा पोरांचा नमस्कार, सगळं ते आधी हलवून बघतात.

त्यामुळे इंदूरच्या छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीत, खांबाला नाकाच्या उंचीवर कुणीतरी पांढरी पेटी ठोकायला लागल्यावर काका एका पायात चप्पल घालून बाहेर आले.

"ये क्या लगा रिये हो, भिया?"

पेटी ठोकणाऱ्या माणसांबरोबर रुपाली मॅडम होत्या, नगर निगमच्या सर्वेवाल्या. "हवा मोजायची आहे, काका. राजवाड्याच्या बाजारात माल नेणाऱ्या लोडिंग गाड्या तुमच्या या तीन गल्ल्यांतून शॉर्टकट मारतात. जिथे धूर सगळ्यात जास्त, ती गल्ली आधी गाड्यांना बंद करू. पंधरा दिवस पेटी राहील."

"अस्सं," काका म्हणाले. हे 'अस्सं' मला हुबेहूब जमतं: अर्धं नाकातून काढायचं आणि शेवटी डावी भुवई वर न्यायची.

घरात शालिनीकाकू खोकत होत्या. त्यांना दमा. बैठकीची खिडकी थेट गल्लीत उघडते, म्हणून दिवाळीपासून बंदच.

"गाड्या बंद झाल्या तर बरंच होईल, अहो."

"तुला सब सच वाटतं. ज्याचा धूर जास्त त्याला इनाम? या इंदूरमध्ये गंदगीला कधी इनाम मिळालाय? दंड मिळतो, दंड. आधी नंबर देतील, मग गल्ली खराब ठरवतील, मग रस्ता चौडा करायला आपला ओटा तोडतील."

काकांचं हे गणित सगळ्या गल्लीला पटलं. स्वच्छतेचा सर्वे आला की झाडू काढायचा, हे आमच्या हाडात मुरलंय. दुसऱ्या दिवसापासून काका सकाळीच गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायला लागले. लोडिंगवाला आला की मान हलवायचे, "आगे गड्ढा खुदा है, भिया. उधर से ले लो." समोरचे उदयसिंहजी पाइपने रस्ता भिजवायचे. आणि पेटीच्या जाळीवर काकांच्या जुन्या धोतराचा ओला तुकडा, "धूळ नको बसायला."

त्या पंधरा दिवसांत काकूंनी खिडकी उघडली. दोनदा तर गुणगुणतानाही ऐकलं मी.

मग निकाल लागला. आमची हवा तिन्ही गल्ल्यांत सगळ्यात स्वच्छ. बंद झाली बाजूची गल्ली, आणि तिच्या गाड्याही आमच्याकडे वळल्या. काकांच्या खुर्चीला आता कोण जुमानतो? हॉर्नवर हॉर्न. आठव्या दिवशी काकूंना दवाखान्यात नेऊन वाफेचं औषध द्यावं लागलं.

परत आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "तुम्ही कशावरच विश्वास ठेवत नाही, ठीक आहे. पण पंधरा दिवस मी नीट श्वास घेत होते. त्यावर तरी ठेवायचा होता."

काका दुसऱ्या दिवशी रुपाली मॅडमकडे गेले. मला सोबत नेलं, साक्षीला.

"मॅडमजी, तुमच्या पेटीत खोटी हवा भरली होती. मी भरली."

मॅडमनी त्यांना नीट पाहून घेतलं. "कशावरून? आता गल्ली बंद करून हवी आहे, म्हणून म्हणत असाल."

आपल्यावर कुणी शक घेईल, हे काकांच्या हिशेबातच नव्हतं. शेवटी त्यांनी पिशवीतून तो धोतराचा तुकडा काढला. न धुतलेला. जाळीचे चौकोन काळेकुट्ट उमटलेले.

मॅडमनी तो उजेडात धरला. "पुन्हा मोजू. पण गाडी अडवायची नाही, पाणी मारायचं नाही. जशी हवा आहे तशी राहू द्यायची."

म्हणजे पंधरा दिवस सगळा धूर गल्लीत. काकूंना तिथे ठेवणं शक्य नव्हतं. लेक अनुश्री अन्नपूर्णा भागात, गाड्यांच्या रस्त्यापासून आत राहते, ती ऑटो घेऊन आली.

"धुराचे नंबर फिर से कमी आले तर?" काकांनी ऑटोच्या दांडीला धरून विचारलं.

"तर मी तिकडेच राहीन," काकू म्हणाल्या. "तुम्ही या भेटायला."

ऑटो वळली. तिच्या मागोमाग तीन लोडिंग गाड्या गल्लीत शिरल्या. काका ओट्यावर बसून राहिले, एकीलाही न अडवता, नाकावर रुमालसुद्धा न घेता.